बिनइंजिनाचे उड्डाण

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालेल्या माणसाला गाव दिसण्याआधी धुराडी दिसतात. गोदावरीच्या काठी उभ्या असलेल्या या औष्णिक विद्युत केंद्रात १४० मेगावॉटचे दोन संच सत्तरच्या दशकाच्या आरंभी चालू झाले. पुढे त्याच दशकाच्या अखेरीपासून २१० मेगावॉटचे तीन आले, आणि जुने दोन आता बंद झाले आहेत. आज आम्हांस विजेविषयी बोलावयाचे नाही, धुराविषयी बोलावयाचे आहे. पौषातल्या पहाटे हा धूर थोडासा वर चढतो आणि एखाद्या अदृश्य छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. चैत्रवैशाखातल्या भर दुपारी तोच धूर गिरक्या घेतो, वर फेकला जातो, मध्येच खाली आपटल्यासारखा येतो. धूर तोच, धुराडे तेच. बदलली ती हवा. थंड पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार व जड असते, म्हणून ती जागची हालत नाही. दुपारी तापलेली जमीन आपल्या अंगावरच्या हवेला तापवते, आणि ती हवा बुडबुड्यांसारखी, कधी एका अखंड स्तंभासारखी, वर निघते. या स्तंभाला ग्लायडर उडवणारे लोक ‘थर्मल’ म्हणतात. आपल्या केंद्राच्या पाटीवरचा ‘औष्णिक’ हा शब्द त्याच अर्थाचा आहे, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. घारींना मात्र हे केव्हाच ठाऊक आहे. उन्हाळ्यात दुपारी एकलहऱ्याच्या बाजूला मान वर करून पाहावे. पंख न हलवता एखादी घार चकरा मारीत वर वर जाताना दिसेल.

पंख न हलवता वर जाणे, हा आजच्या विषयाचा गाभा.

नाशिककरांना पक्ष्यांच्या उड्डाणाची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. इगतपुरी तालुक्यातले सर्वतीर्थ टाकेद जटायूच्या नावाने ओळखले जाते. जटायूची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याचा वडील भाऊ संपाती मात्र थोडा मागे राहतो. दोघे भाऊ चढाओढीने सूर्याकडे झेपावले, धाकट्याला ऊन असह्य झाले तेव्हा थोरल्याने त्याच्यावर आपले पंख धरले, आणि स्वतःचे पंख जाळून घेतले. उंचीची हाव आणि तिची किंमत यांची याहून जुनी कथा आपल्याकडे नसेल. गंमत अशी की रामायणकर्त्याने या कामासाठी गरुड न निवडता गिधाड निवडले, आणि उष्ण हवेच्या स्तंभावर तासन्‌तास तरंगण्यात गिधाडाचा हात धरणारे पक्षी थोडेच. आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात. ती आज मोजकीच उरली, याला गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मुख्यतः कारण झाले. त्या औषधाने वागवलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. जनावरांसाठी त्याच्या वापरावर आपल्या देशात २००६ साली बंदी आली. तोवर आकाशातले हे जुने गुरुजन बहुतेक संपले होते.

गुरुजन म्हणतो ते उगीच नव्हे. लुई मुयार या फ्रेंच गृहस्थाने उत्तर आफ्रिकेतल्या गिधाडांकडे वर्षानुवर्षे पाहून १८८१ साली ग्रंथ लिहिला आणि माणसाने प्रथम फडफडण्याचा नाद सोडून तरंगायला शिकावे असे सांगितले. जर्मनीत ओटो लिलिएन्थालने करकोच्यांचा अभ्यास करून १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यापूर्वीची शतके माणूस हातांना पंख बांधून फडफडत कड्यांवरून पडत होता. पतंग पाहिला असता तर हे आधीच कळले असते. येवल्याच्या संक्रांतीला ज्याने आसारी हातात धरली आहे त्याला ठाऊक असते की पतंग फडफडत नाही; तो वाऱ्याला एका कोनात भेटतो, आणि तो कोन कणीवर, म्हणजे दोऱ्याच्या बांधणीवर, ठरतो. कणी चुकली की पतंग गिरक्या खातो. ग्लायडर म्हणजे दोरा सोडून दिलेला पतंगच. दोऱ्याचे काम त्याचे स्वतःचे वजन करते. तो सतत थोडा थोडा खाली घसरत असतो, आणि त्या घसरण्यातूनच त्याला पुढची गती मिळते. भोवतालची हवा त्याच्या घसरण्याहून वेगाने वर जात असेल तर तो घसरता घसरता वर चढतो.

येथे श्रोत्यांपैकी कोणीतरी तळपदे यांचे नाव काढील, म्हणून तो विषय आम्ही आधीच उरकतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट महाराष्ट्रात आवडीने सांगितली जाते. तळपदे हे खरे गृहस्थ होते, त्यांची जिज्ञासाही खरी होती. पण त्या उड्डाणाला समकालीन, विश्वासार्ह असा पुरावा मिळत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार दिला जातो त्याची बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमाने उडण्यास असमर्थ, असा त्यांचा निष्कर्ष होता. अभिमानासाठी खोट्या नाण्याची गरज नसते, असे आम्हांस वाटते.

लिलिएन्थाल मात्र उडाला, आणि लोकांच्या देखत उडाला. १८९१ पासून पाच वर्षांत त्याने दोन हजारांच्या आसपास उड्डाणे केली. बर्लिनजवळ त्याने त्यासाठी मातीची पंधरा मीटर उंचीची टेकडी रचून घेतली होती. यंत्र म्हणजे विलोच्या काठ्यांचा सांगाडा व वर कापड. त्यात तो काखेच्या आधाराने लोंबकळे, आणि पाय इकडेतिकडे झुलवून तोल राखी. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या एका झोतात त्याच्या यंत्राचे नाक वर उचलले गेले, गती मेली, आणि तो सुमारे पंधरा मीटरांवरून खाली आला. पाठीचा कणा मोडला होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. इंग्लंडातला त्याचा अनुयायी पर्सी पिल्चरही तीन वर्षांनी ग्लायडरच्या अपघातात गेला.

लिलिएन्थालच्या मृत्यूची कारणमीमांसा नीट समजून घ्यावी, कारण आजही ग्लायडर आणि हलकी विमाने अनेकदा याच कारणाने पडतात. पंख हवेला ज्या कोनात भेटतो तो कोन एका मर्यादेपलीकडे गेला की वरून वाहणारी हवा पंखाला चिकटून राहत नाही. ती सुटते आणि पंखाचा आधार जातो. इंग्रजीत याला ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी याचा काही संबंध नाही. इंजिन पूर्ण जोरात असतानाही स्टॉल होतो. उंचावर असताना हे घडले तर उपाय सोपा आहे: नाक खाली करावे, गती येऊ द्यावी. पण जमीन जवळ असताना नाक खाली करणे म्हणजे जमिनीकडे तोंड करणे, आणि माणसाचा हात त्या क्षणी नेमका उलट वागतो. तो नाक आणखी वर खेचतो. सर्व उड्डाणशिक्षण म्हणजे या एका उपजत चुकीविरुद्ध हाताला लावलेले वळण आहे, असे म्हटले तरी चालेल.

लिलिएन्थालच्या मृत्यूची बातमी वाचून अमेरिकेतले दोन सायकल दुरुस्त करणारे भाऊ या विषयाकडे ओढले गेले. राइट बंधूंचे नाव १७ डिसेंबर १९०३ च्या इंजिनाच्या उड्डाणासाठी सर्वांना पाठ आहे. त्यांनी त्याआधीची तीन वर्षे काय केले याची चर्चा मात्र क्वचित होते. १९०० साली त्यांनी आपले ग्लायडर मुख्यतः पतंगासारखे दोरीवर उडवले. १९०१ मध्ये निराशा पदरी आली. लिलिएन्थालचे आकडे आपल्या यंत्राला जुळत नाहीत असे दिसले. मग दोघांनी घरी जाऊन वाऱ्याची एक पेटी बांधली आणि तिच्यात लहान लहान पंखांची कसोटी घेतली. १९०२ च्या हंगामात किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी सातशे ते हजार घसरउड्डाणे केली, तीही मऊ वाळूवर आणि बेताच्या उंचीवर. लिलिएन्थाल धाडसी होता, हे दोघे सावध होते. आमच्या मते विमानविद्येच्या इतिहासात या सावधपणाला जितके श्रेय मिळावयास हवे तितके मिळालेले नाही.

इंजिन आल्यावर ग्लायडर अडगळीत पडावयाचे, पण ते राजकारणाने वाचवले. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानांवर बंधने आली. तेव्हा तेथली तरुण मुले १९२० पासून ऱ्होन डोंगरातील वासरकुप्पे या टेकडीवर जमू लागली. इंजिनाला बंदी असेल, वाऱ्याला तर नाही! ऑर्व्हिल राइटने १९११ साली ग्लायडरमध्ये ९ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहण्याचा विक्रम केला होता आणि तो दहा वर्षे टिकला. १९२२ मध्ये या मुलांनी एक तास ओलांडला. आरंभी सर्व मदार डोंगरावर आपटून वर वळणाऱ्या वाऱ्यावर होती. १९२६ साली माक्स केगेल नावाच्या वैमानिकाला एका गडगडाटी ढगाने आत ओढले. तो कसाबसा जिवंत बाहेर पडला आणि उतरला तेव्हा ५५ किलोमीटर दूर होता. त्याला आयुष्यभराचे टोपणनाव मिळाले, आणि ढगाखाली वर खेचणारी शक्ती असते हे जगाला कळले. दोन वर्षांनी रॉबर्ट क्रोनफेल्डने हवा वर नेते आहे की खाली, हे दाखवणारे ‘व्हेरिओमीटर’ हे यंत्र वापरून ढगाखालचे प्रवाह हुडकले, आणि १९२९ मध्ये शंभर किलोमीटरांचा टप्पा गाठला. पुढे याच शिस्तबद्ध पोरांचे काय झाले, कोणी त्यांच्या हाती बाँबफेकी विमाने दिली, तो इतिहास वेगळा. इतकेच नमूद करतो की क्रोनफेल्ड ज्यू होता आणि त्याला तो देश सोडावा लागला.

आता महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याजवळ हडपसर येथे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच नागरी विमान खात्याचे ग्लायडिंग केंद्र सुरू झाले. वैयक्तिक श्रीमंतीशिवाय आकाशात जाता येईल अशी ही सर्वसामान्यांसाठीची पहिली पायरी होती. दिल्लीतील खात्याच्या तांत्रिक केंद्राने पुढे देशी ग्लायडर बांधावयास घेतली आणि त्यांना नावे दिली ती नक्षत्रांची: अश्विनी १९५८ मध्ये उडाले, रोहिणी १९६१ मध्ये, कार्तिक १९६३ मध्ये, भरणी, मृगशीर्ष आणि आर्द्रा हीही याच कुटुंबातली. कोणा सरकारी कारकुनाच्या डोक्यातून हे निघाले असेल तर त्याला आमचा नमस्कार. शेतकरी ज्या नक्षत्रमालेवर पाऊस मोजतो तिच्यातूनच ही यंत्रांची बारशी झाली, आणि वस्तुस्थितीही अशी की दख्खनवर ग्लायडरचा बहर फाल्गुनापासून रोहिणी नक्षत्रापर्यंत असतो. मृग लागला, जमीन भिजली, की थर्मल मंदावतात.

रोहिणी हे लाकूड व कापडाचे, दोन आसनांचे यंत्र. गुरू व शिष्य एकापुढे एक न बसता खांद्याला खांदा लावून बसत. शिष्याचा हात घट्ट झाला, श्वास अडकला, हे गुरूला न सांगता कळे. ज्यांनी मोटार हाकायला शिकवली आहे त्यांना या व्यवस्थेचे मोल समजेल. उड्डाणाची तऱ्हा अशी: मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे इंजिनावर चालणारा एक मोठा रहाट. मध्ये सुमारे एक किलोमीटर पोलादी दोर. रहाट फिरू लागला की ग्लायडर पतंगासारखे चढते. तीनशे मीटरांच्या आसपास पोचल्यावर वैमानिक आकडा सोडतो. मग शांतता. येवल्याच्या आसारीचे आणि या रहाटाचे नाते सांगावयास नकोच. रोहिणीची घसरण बाविसास एक अशी धरली तर तीनशे मीटरांवरून स्थिर हवेत सहा-साडेसहा किलोमीटर जाता येते. एकलहऱ्यावर सोडले तर नाशिकरोडच्या वेशीशी कसेबसे. तेवढ्या वाटेत थर्मल सापडले तर ठीक, नाही तर उतरणे आले. आणि एकदा उतरावयाचे ठरले की पुन्हा प्रयत्न नाही. इंजिनवाल्याला चुकल्यास फेरी मारता येते. याला येत नाही. म्हणून मैदानाभोवतीच्या शेवटच्या वळणावर त्याने गतीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे असते. लिलिएन्थाल ज्या रीतीने गेला ती रीत तेथेच दबा धरून बसलेली असते.

मैदान सोडून दूरच्या प्रवासाला जाण्याचे वेड हे या खेळाचे खरे सुख. आंतरराष्ट्रीय रौप्य बिल्ल्यासाठी पाच तास हवेत राहणे, एक हजार मीटर उंची मिळवणे आणि पन्नास किलोमीटर जाणे या तीन अटी आहेत. हडपसरहून पूर्वेला पन्नास किलोमीटर म्हणजे पाटसच्या आसपास. तेथे हवेने दगा दिला तर कोणाच्या तरी शेतात उतरावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात जाणारे वैमानिक पाणी, टोपी आणि बिनतारी संदेशाचे साधन बरोबर नेतात, कारण उतरल्यावर दिवसभर माणूस भेटेलच असे नाही. आपल्याकडची अडचण नेमकी उलटी. आपल्याकडे पाच मिनिटांत गाव जमा होते आणि पोरे पंखावर चढतात.

नाशिक जिल्ह्यात कोठे उतरावे, असा विचार आम्ही एकदा गंमत म्हणून करून पाहिला. द्राक्षाचे मळे वरून हिरवे व सपाट दिसतात, पण ते तारांचे आणि लोखंडी अँगलचे मांडव आहेत. त्यांत उतरणे म्हणजे किसणीवर उतरणे. उसाचा फड उंच. विहिरी तर बांधापाशी असल्या तरी ऐनवेळी दिसतात. कांदा काढून मोकळे झालेले रान त्यांतल्या त्यात बरे, गव्हाचे कापलेले शेत उत्तम. आणि विजेच्या तारा! एकलहऱ्याहून निघणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या चहूकडे पसरल्या आहेत. जगभरच्या अपघातांत तारांचा वाटा मोठा आहे, कारण तार वरून दिसत नाही, खांब दिसतो. अनुभवी वैमानिक तारा शोधीत नाहीत, खांब शोधतात, आणि दोन खांबांमध्ये तार असणारच असे धरून चालतात.

इंजिन असले की या सर्व चिंता मिटतात असा समज आहे. अतिहलके विमान, ज्याला मायक्रोलाइट म्हणतात, ते याच समजातून लोकप्रिय झाले. सत्तरच्या दशकात परदेशी हौशी मंडळींनी हँगग्लायडरला छोटी इंजिने बांधली. तेथून हा प्रकार वाढला. आपल्याकडे नियमाने त्याचे उड्डाणवजन ४५० किलोपर्यंत धरले आहे, आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतही आता ग्लायडरची जागा मायक्रोलाइटने घेतली आहे. १९८८ साली मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया हे एकटे मायक्रोलाइटमधून इंग्लंडहून २३ दिवसांत भारतात आले. असे प्रवास पाहून इंजिनावर विश्वास बसतो. पण छोटे इंजिन बंद पडू शकते, आणि ते पडले की आपण ग्लायडरमध्ये बसलो आहोत. तेही फार वाईट घसरणाऱ्या ग्लायडरमध्ये. ज्याने आधी बिनइंजिनाचे उड्डाण शिकले आहे तो सदैव खाली एक शेत हेरून ठेवतो. इतर इंजिनाचा आवाज ऐकत बसतात.

याच सिंघानियांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुंबईहून गरम हवेच्या फुग्यात बसून २१,०२७ मीटर उंची गाठली आणि जागतिक विक्रम केला. ते उतरले कोठे? आपल्याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील पांचाळे येथे. तापलेली हवा वर जाते, या एकाच गोष्टीवर घार, एकलहऱ्याचा धूर आणि हा फुगा चालले. फरक एवढाच की त्यांनी हवाबंद कक्षात बसून, वर्षांची तयारी करून संपातीची वाट धरली, आणि पंख शाबूत ठेवून परत आले.

आमच्याकडे पालक येऊन विचारतात, मुलाला उडू द्यावे काय? प्रश्न बहुधा पॅराग्लायडिंगचा असतो. कामशेत आणि पाचगणी येथे तो खेळ चांगला रुजला आहे. कापडी छत, दोऱ्या आणि बसण्याचा पट्टा, सांगाडा नाही. उडवायला सोपे, आणि म्हणून धोक्याचे. सांगाडा नसल्याने उसळत्या हवेत छत मिटू शकते. म्हणून भर दुपारी, ज्या वेळी घारी सर्वांत सुखात असतात, त्या वेळी नवशिक्याने जमिनीवर बसावे. वळवाचे ढग क्षितिजावर दिसले की जाणत्यानेही बसावे. केगेलचे नशीब प्रत्येकाला मिळत नाही. सह्याद्रीतल्या एका पठारावर आम्ही स्वतः पाहिले की धावायला सज्ज झालेल्या एका तरुणाचे मांडीचे पट्टे लावावयाचेच राहिले होते. छातीचा पट्टा होता. त्यावर सर्वांचे समाधान झाले होते. पट्टे पाहण्याचे काम ज्याचे होते तो पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजत होता. चहा विकणाऱ्या एका पोराने ओरडून सांगितले म्हणून तो मुलगा थांबला. त्याच्या आईवडिलांना हे कधी कळलेही नसेल. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर मात्र असे कोणी ओरडावयास नव्हते. पुण्याची एक तरुण पर्यटक आणि तिचा चालक असे दोघे तेथे मृत्यू पावले.

केंद्र सरकारने २०२२ साली हवाई क्रीडांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, त्यात ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग, फुगे वगैरे अकरा प्रकार आणि त्यांच्या संघटनांची जबाबदारी सांगितली आहे. धोरण कागदावर चांगले आहे. पण पालकाने धोरण विचारू नये. डोंगरावर जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. शिकवणाऱ्याने स्वतः कोठे व किती वर्षे शिक्षण घेतले? राखीव पॅराशूट आहे काय, आणि ते शेवटचे कधी उलगडून घडी केले? आणि आज हवा बिघडली म्हणून त्याने या महिन्यात किती वेळा गिऱ्हाईक परत पाठवले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एकदाही नाही’ असे आले तर मुलाचा हात धरून खाली यावे.

नाशिकमध्येच उडता येईल का, असेही तरुण विचारतात. आपले आकाश मोकळे दिसते, पण मोकळे नाही. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना व धावपट्टी आहे. तेथे साठच्या दशकापासून लढाऊ विमाने घडत आली. गांधीनगरला सैन्याचे हेलिकॉप्टरचे शिक्षण चालते, देवळालीला तोफखान्याचा गोळीबाराचा टापू आहे. परवानगीवाचून येथे कोणी छत उघडून डोंगरावरून उडी घेतली तर तो स्वतःबरोबर दुसऱ्यालाही संकटात टाकील. तेव्हा ज्याला शिकावयाचे आहे त्याने तूर्त घाट ओलांडून कामशेतला जावे. तोवर येथे करण्यासारखा एक अभ्यास आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. महिनाभर रोज सकाळी आठला आणि दुपारी दोनला एकलहऱ्याचा धूर पाहावा, तो कोठे वळतो, कितीवर थांबतो, घारी किती वाजता चढू लागतात, हे वहीत टिपावे. राइट बंधूंनीही पक्ष्यांच्या अशाच नोंदी ठेवल्या होत्या.